बाणापलीकडच्या जागा

मी, खाली सही करणारा, रस्ते खात्याचा निवृत्त पाटीरंगारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर कोणालाही वाचता येईल. त्याचाच पगार घेत होतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेत जे काही उरेल ते माझा एकुलता एक मुलगा आणि सून यांना समसमान. सुनेचा उल्लेख मुद्दाम करतो. गेली तीन वर्षे मुलगा माझ्याशी कामापुरतेच बोलतो, ती मात्र रोज संध्याकाळी येऊन अर्धा तास गप्पा मारून जाते. कोणाची बाजू घेतली नाही आणि एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही.

२. ब्रश आणि अक्षरांचे पत्र्याचे साचे कोपऱ्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बाईंना द्यावेत. त्या ‘क’चे पोट फार फुगवतात, तेवढे सांभाळावे.

३. माझी लाकडी शिडी शेजारच्या टपालवाल्यांकडे अकरा वर्षे आहे. ती त्यांना दिली असे समजावे. मागायला जाऊ नये. ते चहा पाजतात आणि विषय बदलतात.

४. निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही नातीला. ती वही काय आहे हे तिला कळावे म्हणून सविस्तर लिहितो.

एकतीस वर्षे मी फाट्याफाट्यांवर बाण रंगवले. ‘धबधबा ४ कि.मी.’, ‘दीपगृह ७ कि.मी.’ बाण वाळला की ट्रक पुढच्या फाट्याला. बाणापलीकडे मी कधी गेलो नाही. घरी आलो की नातीची आजी, म्हणजे माझी बायको, विचारायची, तिकडे काय आहे? मला ठाऊक नाही म्हणायला लाज वाटे, म्हणून मी रचून सांगत असे. ती ते वहीत उतरवून घेई. जागा, रस्ता, जायचा महिना, आणि शेवटचा रकाना ‘तिकीट’. त्या रकान्यात ‘नाही’ असेल तीच जागा वहीत राहायची. डोंगर बघायला पैसे द्यायचे हे तिला पटत नसे. अशा देशभरच्या तेवीस जागा जमल्या.

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आम्ही निघालो. पहिला धबधबा. मी सांगितले होते, पाणी हत्तीच्या कळपासारखे येते. प्रत्यक्षात नळ अर्धवट सोडल्यासारखी धार. मी मान खाली घालून उभा राहिलो. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, तुमचा मोठा होता. पण हा ओला आहे.”

पुढे खाऱ्या पाण्यावर उतरणारे गुलाबी पक्षी पाहिले. जिच्यावरून घसरले की गुणगुणते अशी वाळूची टेकडी पाहिली. तिथे सहासष्टाव्या वर्षी ती चपला हातात घेऊन दोनदा घसरली. पाच वर्षांत सतरा जागा झाल्या.

५. अठरावी जागा म्हणजे एक कडा. वरून दोन नद्यांचा संगम दिसतो. पायऱ्या चारशे बारा. तिच्या गुडघ्यांमुळे मुलाने तिच्याकडून वचन घेतले होते की पायऱ्या चढणार नाही. त्या दिवशी ती पडली, खुब्याचे हाड मोडले. नंतर दीड वर्ष अंथरुणात काढून ती गेली. इस्पितळाच्या व्हरांड्यात मुलगा मला एवढेच म्हणाला, “बाबा, तुम्हाला पाटी वाचता येत नाही का?” पायथ्याशी पाटी होती, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी चढू नये. ती मीच कधीकाळी खात्याच्या शेडमध्ये बसून रंगवली होती. तो येत-जात राहिला, औषधे आणत राहिला, पण बोलणे आटले.

६. जे आजवर सांगितले नाही ते इथे लिहून ठेवतो. मी तिला वर नेले नाही. खालूनच बघू म्हणालो आणि चहा आणायला फाट्यापर्यंत गेलो, त्यात तासभर गेला. परत आलो तर बाक रिकामा. धापा टाकत निम्म्या पायऱ्या चढलो तेव्हा ती वरून येताना दिसली. चेहरा असा की मला रागावता येईना. उतरताना शेवटच्या चार पायऱ्यांवर तिचा पाय सरकला. रुग्णवाहिकेत माझा हात धरून म्हणाली, “तुम्हीच नेलंत म्हणून सांगा. तो माझ्यावर रागावला तर मला सोसायचं नाही. तुम्हाला सवय आहे.”

दोष झटकायला हे लिहीत नाही. आपल्या आईला कोणी ओढत नेले असे मुलाला वाटत राहू नये. ती स्वतःच्या पायांनी गेली आणि वर पोचली. एक पाणी हिरवे, एक गढूळ, आणि बराच लांबवर दोन्ही न मिसळता शेजारी शेजारी वाहतात, हे तिने अंथरुणात पडल्या पडल्या मला कितीदा सांगितले. मी न रचता वहीत लिहिले आहे.

७. हे कलम दुसऱ्या दिवशी जोडले. सकाळी मुलगा मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला आला. मी अंघोळीहून आलो तेव्हा तो टेबलापाशी उभा राहून वरील मजकूर वाचत होता. मी थांबवले नाही. पूर्ण वाचून तो खुर्चीत बसला.

“आईनं मला सांगितलं होतं,” तो म्हणाला. “जायच्या आधी महिनाभर.”

मग इतके दिवस गप्प का, असे मी विचारले.

“म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस. मी गुपित फोडलं म्हणून त्यांना वाईट वाटेल. मग इस्पितळात मी तुम्हाला जे बोललो होतो त्याची लाज वाटायला लागली. रोज ठरवायचो, आज बोलू.”

म्हणजे तिने आम्हा दोघांनाही शब्दात अडकवून ठेवले होते. ती गेल्यापासून मला पहिल्यांदा तिचा राग आला, आणि तो बरा वाटला. डॉक्टरांची वेळ टळली. त्याने फोन करून दोन दिवसांनंतरची वेळ घेतली.

सहावे कलम आता खोडले तरी चालेल असे मी म्हणालो. त्याने नको म्हटले. त्याच्या मुलीने ते वाचावे असे त्याला वाटते.

८. हे कलम त्यानंतर दोन दिवसांनी, डोळ्यांच्या दवाखान्यात बसून जोडले. वहीतल्या पाच जागा राहिल्या आहेत. एकोणिसाव्या जागेची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या तळ्याची, बसची तिकिटे मुलाने काल काढली. आम्ही चौघे येत्या रविवारी निघतो. तेव्हा हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कोणी घाई करू नये.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) लिहून देणार, पाटीरंगारी

साक्षीदार १: (सही) डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: (सही) त्यांच्या दवाखान्यात नंबर लावणारे काका

ठिकाण: दवाखान्याची बाहेरची खोली
दिनांक: ९ मार्च