वास नसलेला गॅस

६ मे

आज चार दारांवरून परत. पहिल्या बाईंना वाटलं मी व्हॅक्युम क्लीनर विकतेय. दुसऱ्यांना वाटलं, देव विकतेय. तिसऱ्या घरी निर्णय कुत्र्यानेच घेतला. चौथे आजोबा मात्र नीट ऐकून घेत होते. "म्हणजे जमिनीतून गॅस येतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि आमच्याकडे तो बहुधा नाहीच?" हो, म्हटलं. "मग मोजणार काय?" — दार बंद. अगदी सॉरी वगैरे म्हणून.

युनिव्हर्सिटीत फियोनाला, म्हणजे माझ्या बॉसला, फोन केला. ती म्हणे, या गावात पुरेशी घरं मिळाली नाहीत तर रेडॉनचा, म्हणजे या गॅसचा, सर्व्हे बंदच करावा लागेल. म्हणजे माझी नोकरीही. हे तिने बोलून दाखवलं नाही, एवढंच.

डोंगर ओलांडून जॉन्सनव्हिलला घरी आले तर आई, म्हणजे सासूबाई, दारातच. पुण्याहून येऊन महिना झाला, पार कंटाळल्यात. "उद्या मी येते गं तुझ्याबरोबर. इथल्या भिंतींशी बोलून झालं माझं." नवरा, वरुण, लॅपटॉपमधून मान वर न काढता — "घेऊन जा, प्लीज."

७ मे

आईंनी गाव जिंकलं.

साडी, वर वरुणचं जाड जॅकेट, पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. हातात शंकरपाळ्यांचा डबा. मी 'किआ ओरा' असा इथला नमस्कार करून पत्रक काढेपर्यंत आईंचं सुरू — "गॅस. नो स्मेल. फ्री." आणि डबा पुढे. एकाला वाटलं, गॅसचं कनेक्शन फुकट मिळतंय. समजावल्यावर बिचारा जरा उतरला, पण गॅस मोजायची डबी ठेवून घेतली. सगळ्यांनीच घेतली.

डबी म्हणजे कुंकवाच्या करंड्याएवढी, काळी. बेडरूममध्ये ठेवायची आणि हिवाळाभर, म्हणजे इथे मे ते ऑगस्ट, हलवायची नाही. बस. तरी प्रत्येक घरी विचारतात, चार्ज कशी करायची.

शेवटचं घर कॉलिनचं. ऐंशीच्या पुढचा, एकटा. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा म्हणे. त्याच्या बेडरूममध्ये भिंतभर जुनी घड्याळं — गजराची, जहाजातली, विमानातली. सगळी बंद. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "ऑल राँग टाइम."

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण कॉलिन हसला. "मोरीनला टिकटिक चालायची नाही," म्हणाला. मोरीन त्याची बायको. आता नाही.

२३ मे

एका बाईंचा फोन. डबी फ्रीजमध्ये ठेवलीय. ताजी राहावी म्हणून.

१४ जून

आज एकाने कळवलं, त्याने डबी कोंबड्यांच्या खुराड्यात टांगलीय. सर्व्हे माणसांचा आहे, म्हटलं. तो म्हणाला, "मी दिवसभर बाहेर असतो. त्या घरी असतात."

आई आता आठवड्यातून एकदा तरी गावात येतातच. कॉलिनच्या झाडाची लिंबं, आईंचं लोणचं. तो ते टोस्टवर लावून खातो. आईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

२ सप्टेंबर

निकाल आले. गावभर जवळजवळ काहीच नाही. इथली जमीन फार सज्जन आहे. "कमी हाही निकालच," फियोना म्हणाली — मुलाचा पहिला नंबर हुकल्यावर त्याची आई पाहुण्यांशी बोलते त्या आवाजात.

मग कॉलिनची डबी. आकडा एवढा की लॅबवाल्यांनी उलट आम्हालाच विचारलं, ही खाणीत ठेवली होती का?

५ सप्टेंबर

मशीन घेऊन कॉलिनकडे गेले. बैठकीत काही नाही, स्वयंपाकघरात काही नाही. बेडरूममध्ये आकडा चढतच गेला. जमीन काही खोली बघून गॅस सोडत नाही. किरणोत्सर्ग मोजायचा काउंटर सहज घड्याळांजवळ नेला, तर मोहरी तडतडावी तसा तडतडला.

रेडियम! अंधारात दिसावेत म्हणून आकड्यांना लावायचे तो जुना रंग. चमक कधीच गेली, रेडियम आहे तिथेच. त्यातून रेडॉन, आणि खोलीची खिडकी कायमची बंद.

कॉलिनला सांगितलं — हा गॅस फुप्फुसांना घातक, घड्याळं घराबाहेर गेली पाहिजेत, तोवर दुसऱ्या खोलीत झोपा, खिडक्या उघडा. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दर लग्नाच्या वाढदिवसाला मी तिला एक आणायचो. दिवा मालवला की ती त्यांच्याकडे बघत पडायची. आकाश म्हणायची त्यांना." मग मान हलवली. "नाही. ती इथेच राहतील."

८ सप्टेंबर

आईंचा सत्याग्रह. कॉलिनच्या व्हरांड्यात बसल्या. "आय नो कम इन. यू कम आउट." वारा असा की साडी पतंगासारखी. कॉलिनने आधी खुर्ची आणली, मग ब्लँकेट, मग चहा. बाई माणसाला एकटं बाहेर कसं बसवायचं, म्हणून शेवटी स्वतःच येऊन बसला. अंधार पडेपर्यंत.

११ सप्टेंबर

कॉलिनला सर्दी. आईंनाही. सत्याग्रह चालूच.

आज आई मला म्हणाल्या, "त्याला विचार, मोरीन असती तर तिला त्या खोलीत झोपू दिलं असतं का? आता, हे कळल्यावर?" मी विचारलं. त्याने कप खाली ठेवला.

"नसतं," म्हणाला. मग उठला आणि बेडरूमची खिडकी उघडायला गेला. ती अडकली होती. आईंनी बाहेरून ओढली, त्याने आतून ढकलली.

१९ सप्टेंबर

रेडिएशनवाले आले. पांढरे सूट, मोठाले डबे. कॉलिन हटून बसला, मीच काढून देणार. त्यांनी त्यालाही हातमोजे आणि मास्क दिला. प्रत्येक घड्याळ देताना ते जिथून आणलं त्या गावाचं नाव तो सांगत होता — नेपियर, टिमारू, ओमारू. कोणी घाई केली नाही.

त्यांच्यातल्या एकाने आईंना 'मिसेस कॉलिन' म्हटलं. आईंनी जॅकेट नीट केलं. "नो. गॅस डिपार्टमेंट."

कॉलिन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

२७ सप्टेंबर

पुन्हा मोजलं. आता काहीच नाही. आज पहिल्यांदा सगळे आत, त्याच खोलीत बसून चहा प्यायलो.

कॉलिन भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघत म्हणाला, "मोरीनने आयुष्यात सिगरेट ओढली नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. माझ्या घड्याळांमुळे का?"

माझ्याकडे उत्तर होतं. असू शकेल, नक्की कुणालाच सांगता येणार नाही. मी तोंड उघडलं, तर आईंनी माझा हात घट्ट धरला.

"नो," त्या त्याला म्हणाल्या. "नॉट क्लॉक."

गाडीत मी विचारलं, "आई, तो काय विचारत होता ते कळलं होतं ना तुम्हाला?"

"सगळं कळलं गं," म्हणाल्या. "चल आता."