गॅसच आहे

९ मार्च १९९८
डॉक्टरसाहेब मुलीच्या लग्नाला नाशिकला गेले. आठवडाभर डिंभ्याचा दवाखाना माझ्या ताब्यात. बावीस वर्षं कंपाउंडर आहे, फक्त डिग्री घ्यायची राहिली. उद्यापासून बिडी बंद.

१० मार्च
दवाखान्याची चढण चढताना छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. थांबलो, गेलं. गॅस. बायकोला, लंकाबाईला, भाजीत तेल कमी टाकायला सांगितलं. ती म्हणाली, जुन्नरला जाऊन कार्डिओग्राम काढा. म्हटलं, दवाखाना सोडून दवाखान्यात जाऊ?
बिडी: दोनच. जबाबदारीचं टेन्शन.

११ मार्च
पोतं परत. या वेळी बसल्या बसल्या. सोडा प्यालो, ढेकर आली. म्हणजे निदान बरोबर. डावा हात दुखतोय, हापसा मारल्यामुळे. (मारतो उजव्याने. तरी.)

१२ मार्च, सकाळी ७
घामाने बनियन भिजलं. मार्च आहे, येणारच. लंकाबाई शेजारी गोधडी पांघरून बसलीय. तिला थंडी जास्त.

सकाळी ९.३०, जीपमध्ये
केस आली! धरणावर मासे धरणारा गेणू छाती धरून दारात. "छातीत लई दाटलंय, भाऊ." बघताक्षणी ओळखलं, हार्ट. अ‍ॅस्पिरिनची शेवटची गोळी त्याला चघळायला दिली, दुधाची जीप थांबवली आणि निघालो जुन्नरला. वाटेत समजावलं: शीर तुंबली की हृदयाचा तेवढा भाग मिनिटभरात ढिला पडतो, नीट आकसत नाही. अर्ध्या तासात मरायला लागतो. मेलेला परत येत नाही. म्हणून अंगावर काढायचं नसतं, गाढवा!
गेणू पांढरा पडला. म्हणाला, "भाऊ, तुमीच लई घामाघूम झालाय." म्हटलं, पेशंटची काळजी असते.
अक्षर वाकडं येतंय. घोडेगावचा रस्ताच खराब.

१५ मार्च, जुन्नर, खाटेवरून
त्या दिवसाचं आज लिहितोय. हॉस्पिटलच्या डॉक्टर फरहा मॅडमनी विचारलं, कधीपासून दुखतंय? म्हटलं, याला आज सकाळपासून. म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारतेय." आणि दोघांचाही कार्डिओग्राम काढला.
गेणूला गॅस. रात्री भजी खाल्ली होती. व्हरांड्यात त्याने जी ढेकर दिली ती अख्ख्या वॉर्डाने ऐकली.
माझ्या कागदावरची रेघ मात्र ठिकठिकाणी वर उचललेली, म्हणजे अटॅक. मॅडम म्हणाल्या, तुमचं हृदय तीन दिवस हाका मारत होतं. बराचसा भाग वाचवलाय, थोडा गेला. मी विचारलं, तो परत येतो का? उत्तर मला पाठ होतं. तरी विचारलं.
लंकाबाई मागच्या एसटीने आली. पायथ्याशी बसून माझा अंगठा घट्ट धरून होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, डिंभे
घरी, बाजेवर. डॉक्टरसाहेबांनी महिनाभर दवाखान्याची पायरी चढायला मनाई केलीय. गेणू सकाळी आला, मीठ कमी खा, सावकाश चाला, असं अर्धा तास सांगत बसला. ऐकून घेतलं.
तेवढ्यात दारात चार माणसं. मी उशी सरकवून ताठ बसलो, चष्मा लावला. पुढचा म्हातारा आत डोकावून म्हणाला,
"गेणूभाऊ हाय का हितं? छातीत दुखतंय, त्याला इचारायचं व्हतं."