खालच्या खोल्यांतला पिचर

आई, तुझ्या मंडईतल्या हुशारीने आमचा बेसबॉलचा पिचर घालवला. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ समज, आणि पिचर म्हणजे त्यांचा बोलर. तो नसेल तर बाकीच्यांनी हातमोजे घालून नुसतं उभं राहायचं. इथे जर्मनीत, गेर्लिंगेनजवळच्या आमच्या गावातल्या क्लबात तुझी नात खेळते. मीटिंगला गप्प बसवत नाही म्हणून मला कमिटीत घेतलं, आणि ऑफिसात सप्लायर मीच ठरवते म्हणून खेळाडू आणायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

हिवाळ्यात करार संपलेला एक छान अमेरिकन पिचर मोकळा होता. त्याची अट एकच, राहायला स्वतंत्र घर. क्लबाकडे होती दोघांत एक खोली. मी कमिटीला ठासून सांगितलं, उत्तर द्यायचं नाही, पाठ फिरवून चालायला लागायचं, फेब्रुवारीत तोच हाक मारेल. तू "राहू दे मग" म्हणून चार पावलं गेलीस की भाजीवालीची हाक यायचीच ना! पण यंदा सगळेच क्लब पिचर शोधत होते, आणि इथे पाठ फिरवली की लोक सरळ समजतात, हिला नकोय. गेला तो दुसरीकडे. आमचे अध्यक्ष म्हणाले, आल्झो, म्हणजे 'तर मग', आता पिचर मिळाला नाही तर आपण खालच्या लीगमध्ये जाणार. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

घरी येऊन चहा टाकला आणि साताऱ्याची मंडई आठवली. मी इंजिनिअरिंगला निघाले त्याच्या आदल्या दिवशीची. तुला भरायला ती छोटी काटेरी वांगी हवी आहेत. तू पाठ फिरवतेस, मी पिशवी घेऊन मागे. कोपरा येतो, हाक येत नाही. तू थांबतेस, हसतेस आणि परत जाऊन तिच्याच भावाने वांगी घेतेस. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तू म्हणतेस, "अगं, आज गरज तिला नाही, मला आहे. मग परत कुणी जायचं?" धड्याचा हा भाग मी सोयीस्कर विसरले होते.

अजून एक पिचर मोकळा होता, डच. वयाने थोडा मोठा, बायको आणि तान्ही मुलगी असलेला. या वेळी मीच फोन केला. म्हटलं, आम्हाला तुमची गरज आहे, आणि माझ्या घराच्या खालच्या दोन खोल्या आहेत, वेगळ्या दाराच्या. त्याच गं, तू येशील म्हणून हौसेने घेतलेल्या आणि तू गेल्यापासून कुलपात असलेल्या. तुझ्या नातीने खिडक्या पुसल्या आणि जर्मनमध्ये विचारलं, आजी खरंच इथे राहणार होती का. हो म्हटलं. आता ते राहायला आलेत. रविवारी पहिली मॅच आहे, आणि खरं सांगू, जिंकू असं वाटतंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. त्या अमेरिकन मुलालाही ह्याच खोल्या देता आल्या असत्या. मंडईबिंडई सगळं सांगायला, आई. मला ते कुलूप काढायचं नव्हतं. खालून कधीतरी तू हाक मारशील, असं इतकी वर्षं वाटत राहिलं. आज सकाळी खालून बाळ रडलं, आणि मी "आले गं, आले" म्हणत अर्धा जिना उतरले होते.