मानाची ओळ

चकलांबा, २८ जुलै २०२५

चि. रोहिणीस मामाचे अ. उ. आ.

फोनवर ताईच्या ऑपरेशनचंच बोलणं होतं, म्हणून लिहितो. काल शेवटच्या दिवशी गेवराईत तुझा इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला. तू ओटीपी सांगितलास नि काम झालं. तुझ्या यादीत पुण्याचं कंप्युटर पहिलं होतं. त्याच्यावर मी एक ओळ वाढवली, आमच्या शाळेची संस्था चालवणाऱ्या साहेबांच्या कॉलेजचं सिव्हिल. लग्नपत्रिकेत आधी कुलदैवत, मग वडीलधारे, मग नवरानवरी. माणसं गावची, मान राहिला पाहिजे. खाली तुझी यादी जशीच्या तशी. माझ्या शाळेतल्या बंद कंप्युटरची बटणं दाबत बसायचीस, तेव्हापासून तुला कंप्युटरलाच जाता यावं, हेच मारुतीला मागतोय. दहावीतली आमची उज्ज्वलाही तुझंच बघून कंप्युटर म्हणते. ताईला जप.

तुझा राधाकिशनमामा

शिरूर कासार, २ ऑगस्ट

ती. मामांस रोहिणीचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि निकाल एकाच दिवशी आले. नंबर लागला, साहेबांच्या कॉलेजात, सिव्हिलला. पहिल्या ओळीतलं मिळालं की खालची यादी बंद होते, पुढच्या फेरीतही बसता येत नाही. पुण्याचं कंप्युटर माझ्या मार्कांत मिळत होतं. मामा, ती ओळ मानाची नव्हती, आवडीची होती. साहेबांना कुलदैवताच्या जागी बसवलंत, मारुती हसला असेल. रागावू कशी? मीही काही न विचारता ओटीपी सांगितला. वडील म्हणतात, वर्ष थांबायचं असेल तर माजलगावचं स्थळ आलेलंच आहे.

तुमचीच रोहिणी

चकलांबा, ७ ऑगस्ट

चि. रोहिणीस अ. उ. आ.

मदत केंद्रावर दोनदा गेलो. तिथल्या बाईनं भलेपणानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. तुझं नाव दिसत होतं, हलवता येत नव्हतं. मग साहेबांकडं गेलो. मी बोलायच्या आधीच त्यांनी हातावर पेढा ठेवला. म्हणाले, भाची आमच्याकडं घातलीस, लई चांगलं केलंस बे. मी पेढा खाल्ला. तुझ्या वडिलांना वर्षभर थांबा म्हणून विनवलं, त्यांनी स्थळाचाच विषय काढला. संध्याकाळी मारुतीपुढं बसलो, पण काय मागावं ते सुचेना.

मामा

शिरूर कासार, १३ ऑगस्ट

ती. मामांस कृ. सा. न. वि. वि.

काल सिव्हिलला नाव घातलं. स्थळ तूर्त थांबलं. आई आता काठीशिवाय चालते.

एकच मागणं आहे. उज्ज्वलाची वेळ येईल तेव्हा फॉर्म तिलाच भरू द्या. तुम्ही तोवर मारुतीच्या पारावर बसा. कुणाला मान द्यायचा राहिलाच, तर शेवटच्या ओळीत घालू.

माया आहे तशीच राहू द्या.

रोहिणी