केबलच्या खड्ड्यावर पाहुणे

माय, तू होतीस तेव्हा तुला पत्र धाडलं की शेजारची मास्तरीण ते मोठ्यानं वाचून दाखवायची आणि अर्ध्या गल्लीला माझी खुशाली कळायची. आता तुला जाऊन बरीच वर्षं झालीत, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

परतूरचा तो रविवार आठवतो का? जालन्याकडची वीज आणि परभणीकडची वीज आम्ही रुळांखालून केबल टाकून जोडत होतो. एकीकडची गेली तर दुसरीकडची धावून यावी म्हणून. जोडाचं काम माझ्याकडं होतं. तो लावायला बसलं की मधेच उठता येत नाही. केबल सोलली की तिला धूळ, घाम, पाण्याचा थेंब, काहीच चालत नाही. आणि नेमके त्याच दिवशी मला पाहायला पाहुणे मंठ्याला आपल्या घरी आलेले. यायला जमत नाही, असा मी निरोप धाडला. दुसरी कोणी आई असती तर तिनं पाहुण्यांची माफी मागितली असती. तू त्यांना जीपमध्ये घातलंस, पोह्यांचं पातेलं मांडीवर घेतलंस आणि थेट खड्ड्यावर आलीस.

मी खाली खड्ड्यात, धूळ अडवायला बांधलेल्या, एका बाजूनं उघड्या तंबूत, कोपरापर्यंत काळी. वर मुलगा, त्याचे मामा आणि तू.

"पोरीला वर बोलवा की," मामा म्हणतात.

"ती येणार न्हाई. तुमीच वाकून बघा," तू म्हणतेस.

मामा खरंच वाकतात. स्वयंपाक येतो का, विचारतात. मी मान हलवते. हो की नाही ते माझं मलाच कळत नाही. मुलगा खाली मान घालून, मन लावून पोहे खातोय. मग मामांनी हात धुतले, तोंडात पाणी घेतलं आणि चूळ टाकायला नेमका माझ्या डोक्यावरचा काठ निवडला.

"ओ मामा! चूळ तिकडं!" मी ओरडले. तू त्यांच्या हातातला तांब्या हिसकावलास. तोंडातलं पाणी त्यांनी घाबरून गिळलं.

"लग्नाआधीच अशी बोलती!" ठसका आवरत ते म्हणाले.

"मंग आधीच कळलं ते बरं झालं न्हाई का?" तू म्हणालीस.

ते जीपनं निघून गेले. तू मात्र संध्याकाळपर्यंत काठावर बसून शेळ्या हाकलत राहिलीस. वीज सोडली तेव्हा विचारलंस, "कुठंय? दिसत तर न्हाई."

"जमिनीखाली आहे, माय."

"मंग एवढी चांगली सोयरीक घालवून लोकांला दाखवायचं काय?"

घरी जायच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलीस. पदर डोळ्यांना लावलास, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, की आपल्या पोरीचं आता कसं होणार हे तुला खरंच कळेनासं झालंय. मंठा जवळ आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "पोरगं खाण्यात बरं होतं. पण मामासमोर तोंड उघडंना."

माझं लग्न पुढं झालं, माय. नवऱ्याला पोहे करता येतात, आणि तो तोंडही उघडतो.

आता मी समुद्रात केबल टाकणाऱ्या जहाजावर असते. या देशाची वीज त्या देशाला जोडायची. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर एक सांगूनच टाकते. पहिल्या दिवशी एवढी मोठी लाट आली की मी कठडा धरून "माय गंऽ" म्हणून किंचाळले. परदेशी खलाशांना तो हुकूम वाटला आणि त्यांनी केबल सोडणं तिथंच थांबवलं. थांबवायचं ना, असं त्यांनी खुणेनं विचारलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. आजही कुणाला थांबवायचं असलं की ते एकमेकांना "मायगं" म्हणतात, आणि त्याचा अर्थ मी त्यांना सांगितलेला नाही.