तीन गुरुवारांची रीडिंग्ज

३ नोव्हेंबर, सोमवार

छापून आला एकदाचा! अकरा महिने, तीन नकार आणि एक 'किरकोळ सुधारणा', ज्यात निम्मा पेपर पुन्हा लिहावा लागला. पण आला. शिवाय ओपन ॲक्सेस — जगात कुणीही, कुठूनही, फुकट वाचावा.

डिपार्टमेंटच्या ग्रुपवर लिंक टाकली. सहा मिनिटांत एकतीस अभिनंदनं, चौदा पुष्पगुच्छ, एक केक. पेपर किती वेळा उघडला गेला ते जर्नलच्या पानावर दिसतं. दोन. दोन्ही वेळा मीच.

तक्रार करायला तोंड नाही. जयमाला मॅडमच्या पेपरला मीही 'अप्रतिम काम' लिहिलं होतं. तो कशावर होता ते आजही माहीत नाही. आमच्याकडे रिवाजच आहे — तुम्ही आमचं वाचू नका, आम्ही तुमचं वाचत नाही, फुलं मात्र वेळेवर पोचली पाहिजेत. माझ्या पेपरवर दुसरं नाव रणजीत सरांचं आहे. त्यांच्या मागच्या पेपरवर माझं होतं. फिट्टंफाट.

कुणी विचारणार नाही, म्हणून निष्कर्ष इथे लिहून ठेवते. लेथवर लोखंड कापताना टूल गार राहावं म्हणून कूलंट सोडतात. ते निम्मं सोडलं तरी टूल तेवढंच टिकतं. बस्स, एवढंच. त्याला चौदा पानं.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोशीच्या चौकात माझा फ्लेक्स लागलाय. धरणीमाते!

सासऱ्यांचं काम. 'आमच्या सूनबाई प्रा. तेजस्विनी यांचा शोध जगभर पसरल्याबद्दल.' जणू साथच आहे. फोटो लग्नातला, मुंडावळ्या अर्धवट कापलेल्या. खाली नऊ शुभेच्छुक, पैकी पाच गॉगलमध्ये. कोपऱ्यात रॉकेट.

"आबा, रॉकेट कशाला?"

"लेथचं चित्र न्हाई म्हनला फ्लेक्सवाला. शोध हाय म्हनल्यावर राकेट चालतंय."

बसमधून उतरले ती ओढणी चेहऱ्यावर घेऊनच घरी आले. मग आतल्या खोलीत एकटीच हसले. खोटं का बोलू, बरंही वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्राचार्य अण्णासाहेब कुठल्याशा परिषदेहून 'खुलं संशोधन' शिकून आलेत. फर्मान: प्रत्येकाने पेपरसोबत कच्चा डेटाही इंटरनेटवर ठेवायचा. स्टाफरूममध्ये सुतक. रणजीत सर म्हणाले, त्यांचा डेटा जुन्या लॅपटॉपमध्ये होता आणि तो लॅपटॉप बहिणीच्या सासरी गेला. जयमाला मॅडमनी विचारलं, कच्चा म्हणजे किती कच्चा?

मी दहा मिनिटांत एक्सेल चढवली. तारीखवार, सगळी. अण्णासाहेबांनी ग्रुपवर माझंच उदाहरण दिलं. अठरा तारखेला सहयोगी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे आणि तिथे तेच बसणार आहेत. सात वर्षं थांबलेय या पदासाठी. हा पेपर नसता तर अर्जही करता आला नसता.

८ नोव्हेंबर, शनिवार

तिसरा वाचक!

ज्योतीराम भाऊ. भोसरीतले, ज्यांच्या वर्कशॉपमध्ये मी रीडिंग्ज घेतली. मूळचे लातूरकडचे, पाच लेथ. त्यांची रुपाली डिप्लोमाला आहे. तिने दोन रात्री बसून अख्खा पेपर मराठीत सांगितला म्हणे वडिलांना. माझ्या स्वतःच्या नवऱ्याने पहिलं पान पाहून 'छान फॉन्ट आहे' म्हटलं होतं.

"मॅडम, आपल्या तीन नंबरच्या लेथचं नाव छापलंय की! आता गुरुवारी वर्कशॉप बंद असतंय, तवा पाचही मशीनचं कूलंट निम्म्यावर लावून घेतो. शुक्रवारपासून चाकणची ऑर्डर त्याच्यावरच काढायची."

डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी वाचलं, आणि वाचून काहीतरी करणार आहे.

मग म्हणाले, "रुपाली तुमची एक्सेल बघून येड्यावानी विचारायली — पप्पा, गेल्या वर्षीची अकरा, अठरा, पंचवीस जुलै, तिन्ही गुरुवार. गुरुवारी तर सगळ्या एमआयडीसीला सुट्टी, मग लेथ चालवली कुणी? मी रागावलो तिला. म्हटलं, मॅडम खोटं कशाला लिहितील? मी गावाकडं होतो तवा जनरेटरवर चालवली असंल."

मी म्हटलं, "असेल." आणि फोन ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

कॅलेंडर तीनदा पाहिलं. गुरुवारच.

जुलैचं काम रणजीत सरांकडे होतं. असणारच. मी प्रवेशाच्या ड्युटीवर होते, मान वर करायला फुरसत नव्हती. नाव लावून घ्यायला पुढे आणि रीडिंग घ्यायला टेबलाखाली. उद्या बघते त्यांच्याकडे.

आणि हा निष्कर्ष तरी काय आहे? पाच आठवड्यांच्या रीडिंग्जपैकी तीन आठवड्यांची खोटी असतील तर निष्कर्ष नाहीच. कूलंट कमी पडलं तर टूल जळतील, माल परत येईल. भाऊंची ती एकच मोठी ऑर्डर आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

रणजीत सरांना कँटीनमध्ये गाठलं. माणूस शांतपणे मिसळीत पाव बुडवत होता.

"मॅडम, मी भोसरीला आयुष्यात एकदा आलो. फोटोपुरता. तुम्हीच बोलावलं होतं."

"मग जुलैची रीडिंग्ज?"

"कसली रीडिंग्ज?" पावाचा तुकडा मोडत म्हणाले, "आपल्या पेपरचं नाव काय होतं हो? मुलाखतीत विचारतील."

बेजबाबदार, निर्लज्ज माणूस! वर तर्री मागवली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊंना फोन लावायला घेतला. नाही लावला.

अठरा तारीख होऊ दे. मग सांगू.

पण शुक्रवार आधी येतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आबा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मला राहवेना, सगळं सांगितलं. रणजीत सरांनी कशी न घेताच रीडिंग्ज भरली, कसा माझा घात केला.

आबांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "गुरवारी कंपन्यांना सुट्टी आसती ह्ये शेंबडं पोर बी सांगंल. त्या मास्तरला ठावं न्हाई?"

"ते नगरचे आहेत. त्यांना काय माहीत."

"बरं. पन मग ते आकडं पेपरात घालताना तू बगितलं न्हाईस व्हय? तू तर हितलीच हाईस."

कुकरची शिट्टी झाली. झाली नसती तरी मी उठलेच असते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रणजीत सरांनी काही केलेलं नाही. इथेही खोटं लिहिलं — जिथे वाचायला कुणीच नाही, तिथेही.

ती तीन रीडिंग्ज माझी आहेत. घरी, डायनिंग टेबलावर भरली. पहिल्या दोन आठवड्यांचे खरे आकडे समोर ठेवले आणि थोडे इकडेतिकडे केले. कॉलेजात गुरुवारी मला तास नसतो, कुणी विचारलं तर सांगता येईल, म्हणून तारखा गुरुवारच्या. भोसरी बंद असते हे जन्मापासून माहीत असून सुचलं नाही.

सकाळी जर्नलला पेपर मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं, अण्णासाहेबांना प्रत. मग भोसरीला गेले. शटर अर्धं वर होतं, भाऊ चौथ्या लेथपाशी वाकलेले. सगळं सांगितलं.

त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले, आतून रुपालीला बोलावलं आणि तिला म्हणाले, "बाई, तुला उगंच रागावलो मी. चुकलं माझं."