डाव्या हाताच्या दोन फाइली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा गाण्यांच्या साथीच्या मिडी फाइली बनवणे, सध्या निवृत्त पण स्वस्थ नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. डोकं ठिकाणावर आहे. माझ्या धाकट्या दिरांना त्याबद्दल शंका असेल, तर त्यांनी एकदा माझ्याशी पत्ते खेळून बघावं.

१. राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कधीच नीट न लागणारी गॅलरीची कडी, हे सगळं माझ्या एकुलत्या चिरंजीवाचं. बँकेत आहे तेही त्याचंच. यावर मी एक अट घालणार होते, ती का काढली ते पुढे येईल.

२. कॉम्प्युटर, कीबोर्ड, दोन स्पीकर आणि माझी खुर्ची चिरंजीवालाच. खुर्चीचं एक चाक अडकतं. तिला तेल चालत नाही, शिव्या चालतात.

३. आमचे हे कीबोर्ड वाजवायचे, दीर ऑर्केस्ट्रा चालवायचे आणि मी फाइली बनवायची. मिडी फाइलीत आवाज नसतो, हे दिरांना कधीच पटलं नाही. "मग ऐकू काय येतं, वहिनी?" ऐकू येतं ते यंत्र. फाइलीत असतं ते एवढंच, की कोणती पट्टी कधी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली. शिंप्याकडच्या मापासारखं. कापड कुठलंही घ्या, बासरीचं घ्या नाहीतर पेटीचं, माप त्याच माणसाचं राहतं.

कॉम्प्युटरवर एक आज्ञा असते. ती दिली की पुढेमागे पडलेला प्रत्येक सूर ठोक्यावर जाऊन बसतो. यांचा डावा हात मागे पडायला लागला, तेव्हा दीर म्हणाले, "दादा जरा दमलाय, वहिनी. सरळ करून टाक." मी नाही म्हटलं, तर त्यांनी स्वतः बटण दाबलं. कार्यक्रमात सरळ फाईल वाजायची आणि हे स्टेजवर नुसते हात हलवत बसायचे. टाळ्या पडत राहिल्या, आम्हीही दमणूकच समजत राहिलो, आणि डॉक्टरकडे जायला दोन वर्षं उशीर झाला. कंपवात निघाला. डॉक्टर बाई म्हणाल्या, "लवकर आला असतात, तर हाताने अजून बरीच साथ दिली असती." वाजवणं सुटल्यावर हे फार दिवस जगले नाहीत.

त्या सगळ्या सरळ केलेल्या फाइली दिरांना द्याव्यात. मी त्यांना माफ केलेलं नाही, हेही सोबत कळवावं.

४. मूळ फाइली, हात न लावलेल्या, चिरंजीवाला. त्यातली एक सकाळच्या सरावाची आहे. हे जन्मभर तोच सराव करायचे आणि चिरंजीवालाही त्यांनी तोच शिकवला. तो आता कीबोर्डचे क्लास घेतो, घरी साथीची कामं करतो. गेल्या हिवाळ्यात मला म्हणाला, "आई, एवढं सरळ करून दे ना. हात जरा मागे राहतोय."

मी त्याच्या सरावाची फाईल उघडली आणि तिच्याखाली यांची. पडद्यावर प्रत्येक सूर म्हणजे एक छोटी आडवी रेघ. डाव्या करंगळीच्या आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या रेघा दोन्हीकडे सारख्याच मागे सरकलेल्या, जोरही तिथेच उतरलेला. बापलेकांचं नाक सारखं आहे, तेवढं पुरे होतं.

मी म्हटलं, "डॉक्टरकडे चल."

"झालं का तुझं सुरू? बाबांचं वेगळं होतं. मी दमलोय फक्त."

"तुझे काकाही हेच म्हणायचे."

तो ताट सोडून उठला. तेव्हापासून हा विषय बंद आहे. फाइली आता तो स्वतःच सरळ करतो. मी डॉक्टर नाही, माझं चुकत असेल तर मला खुशाल वेडी ठरवा. पण मी घाबरले आहे. हे कायद्याच्या भाषेत कसं लिहितात, मला माहीत नाही.

५. वकिलांना विचारलं, तपासणी केल्याशिवाय घर मिळणार नाही अशी अट घालता येईल का. ते म्हणाले, "येईल की. पण ती तुम्ही गेल्यावर लागू होईल." मी काही इतक्यात जात नाही, आणि त्याचा हात तोवर थांबायचा नाही. म्हणून अट काढली. वकील पुढे म्हणाले, "वय झालंय, सहीच्या वेळी डॉक्टर हजर असलेला बरा." कोणता डॉक्टर, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

यांना तपासणाऱ्या डॉक्टर बाई आज येत आहेत. दोन्ही फाइली त्यांना आधीच पाठवल्या आहेत. दार चिरंजीव उघडेल, कारण माझे गुडघे आज मुद्दाम दुखणार आहेत.

बाळा, हे मी गेल्यावर वाचायचं नाही. त्या बसल्या आहेत तोवर, आत्ता वाच. रागव माझ्यावर, पण तो सराव त्यांना वाजवून दाखव. जसा येतो तसा.

ठिकाण: राहतं घर, कीबोर्डची खोली
दिनांक: रविवार, ९ जून

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिले: वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टर (सही)
शेरा: लिहून ठेवणारी पूर्ण शुद्धीवर आहे. पत्ते खेळून खात्री केलेली नाही. मुलाने आधी नकार दिला, नंतर वाजवले. डावा हात तपासला. आईची शंका मला रास्त वाटते. मंगळवारी दोघांनी दवाखान्यात यावे. या वेळी लवकर आला आहात.